कताईची मजुरी

(दहावी 1986 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी आता माझी ओळख 'तंतुकलाकार' अशी करून दिली, तेव्हा मागच्या दोन रांगांत जी कुजबुज झाली ती मला इथपर्यंत ऐकू आली. मेळाव्याची तारीख ठरल्यापासून आपल्या ग्रुपवरही हे चालूच आहे. एकीने विचारलं, "तुझं घोंगड्यांचं दुकान आहे का गं?" दुसऱ्याने विचारलं, "कलाकार आहेस तर चित्रं का काढत नाहीस?" आणि तिसऱ्याने, तो पूर्वीही असाच सरळ बोलायचा, थेट विचारलं, "यातून घर चालतं का?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत, तेवढ्यात तिन्हींची उत्तरं द्यायचा प्रयत्न करते. तिसऱ्याला थोडा जास्त वेळ लागेल, कारण पैशाबद्दल आमच्या क्षेत्रात कुणी मोकळेपणाने बोलत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. माझं दुकान नाही. मी लोकरीची मोठी विणकामं करते. काही भिंतीवर टांगायची, काही छतापासून सोडलेली, काही जमिनीवर उभी. अंगावर घ्यायला त्यांचा उपयोग नाही. पण ती बनतात अगदी घोंगडीसारखीच: तीच मेंढी, तेच सूत, तोच खड्डामाग, तीच चिंचोक्यांची खळ. म्हणून कुणी त्यांना घोंगडीची धाकटी बहीण म्हणालं तर मला आवडेल.

दुसऱ्या प्रश्नासाठी थोडं मागे जावं लागेल.

आपल्या वर्गात पावसाळ्यात घोंगड्याची खोळ घेऊन येणारी निदान दहा-बारा मुलं होती. छत्री परवडायची नाही आणि माणदेशात पाऊस तरी असा किती पडतो! तरी जेव्हा पडायचा तेव्हा वर्गाच्या मागच्या भिंतीशी त्या खोळींचा ढीग लागायचा आणि दुपारपर्यंत सगळ्या वर्गाला ओल्या लोकरीचा वास यायचा. तुमच्यापैकी काहींना तो वास आता आठवला असेल, चेहऱ्यावरून दिसतंय. कार्यानुभवाच्या तासाला बाई आपल्याला टकळीवर सूत कातायला लावायच्या. तेव्हा कापसाचा पेळू आणि पितळी टकळी असायची. आपलं सूत सारखं तुटायचं. बाई म्हणायच्या, "ओढू नका, सोडा." त्या दोन शब्दांत सगळी कताई आहे. हे मला पुढे तीस वर्षांनी ज्यांनी शिकवलं त्या बायकांनी हेच सांगितलं, फक्त त्यांच्या भाषेत.

दहावीनंतर मी मुंबईला जाऊन कापडाच्या आरेखनाची पदविका घेतली आणि एका गिरणीच्या डिझाइन विभागात नोकरी धरली. साड्यांचे काठ, चादरींची फुलं, पडद्यांच्या पट्ट्या. काम चांगलं होतं, पगार वेळेवर होता. तिथल्या ग्रंथालयात एकदा मृणालिनी मुखर्जी यांच्या कामाची छायाचित्रं पाहिली. त्यांचा जन्म मुंबईचा, 1949 चा; शिक्षण बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे. त्या तागाच्या जातीची जाड दोरी घेऊन फक्त गाठी मारत. माग नाही, आधी काढलेला आराखडा नाही. गाठीवर गाठ मारत माणसाहून उंच आकृती उभी करत आणि तिला 'यक्षी', 'वनश्री' अशी नावं देत. दोरीला एवढा दरारा असू शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर मोनिका कोरिया यांची विणकामं प्रत्यक्ष पाहायला मिळाली. त्याही मुंबईच्याच. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं, आणि आयुष्य मागावर गेलं. मागावर फणी असते ती ताण्याचे धागे सरळ, समांतर ठेवते. कोरियांनी विणता विणता मध्येच ती फणी काढून घेता येईल अशी सोय केली. फणी निघाली की ताण्याचे धागे मोकळे होतात, वाहत्या पाण्यासारखे वळतात. साडेचार फुटांच्या कापडात शिस्त आणि मोकळीक दोन्ही दिसायला लागतात.

म्हणजे चित्रं का काढत नाहीस याचं उत्तर असं: काढते, पण माझी रेघ सुताची आहे. चित्रकाराची रेघ कागदावर बसते. माझी रेघ कापडाच्या आतून जाते, मागच्या बाजूलाही तितकीच असते.

वडिलांच्या आजारपणात मी गावी आले आणि इथेच राहिले. त्या दिवसांत रिकाम्या गोठ्याच्या आढ्याला आमच्या आजीचं एक घोंगडं टांगलेलं होतं. दुपारी कौलांच्या फटीतून त्यावर ऊन यायचं. जे आपण आयुष्यभर काळं म्हणत आलो, त्यात तेव्हा तांबूस तपकिरी दिसायचं, कुठे जांभळट, कुठे राखेसारखं. मेंढीची लोकर उन्हाने टोकाशी तांबूस होते, वय झालं की करडी होते, मानेजवळ एक रंग आणि पाठीवर दुसरा. काळ्या लोकरीवर दुसरा रंग चढत नाही. त्यामुळे मला जे रंग हवेत ते मेंढ्यांमध्ये शोधावे लागतात. गेली कित्येक वर्षं मी कोणताही रंग विकत घेतलेला नाही.

आता ही लोकर म्हणजे काय ते दोन मिनिटांत सांगते, कारण तुमच्यातल्या अनेकांच्या घरी मेंढरं होती तरी लोकरीकडे कुणी फारसं पाहिलं नसेल. आपली मेंढी दख्खनी. वर्षातून दोनदा कातरतात आणि एका मेंढीपासून वर्षाकाठी अर्धा किलोच्या आसपास लोकर मिळते. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू साधारण 20 मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या मेंढीचा तंतू त्याच्या दुपटीहून जाड, भरड आणि बऱ्याचदा आतून पोकळ. म्हणून तिचा स्वेटर होत नाही, अंगाला टोचतो. पण कडक उन्हात, थंडीत आणि पावसात टिकावं असं पांघरूण मात्र तिचंच होतं. कोकरांची पहिली लोकर, जावळ, तेवढी मऊ असते.

आज या लोकरीला गिऱ्हाईक उरलेलं नाही. बाजारात कारखान्यातली सोलापुरी चादर आहे, पॉलिएस्टरचं ब्लँकेट आहे. मेंढपाळाला पैसे मिळतात ते मांसाचे. आमच्या भागात मी असे वाडे पाहिले आहेत जिथे कातरणाऱ्याची मजुरी मालक खिशातून देतो आणि कातरलेली लोकर बांधावर टाकून देतो. मी पहिल्यांदा लोकर मागायला गेले तेव्हा एक म्हातारे मेंढपाळ हसून म्हणाले, "घिऊन जा की. इकत कशाला घेतीस?" मी तेव्हापासून विकतच घेते. किलोला 40 रुपये. फार नाहीत, पण फुकट घेतलेल्या वस्तूची कुणी निवड करून देत नाही. विकत घेतली की "मला करडी वेगळी, तांबूस वेगळी पाहिजे" असं सांगता येतं.

लोकर आणली की काटे, कुसळं, माती काढायची. धुवायची, वाळवायची, पिंजायची. मग कताई. मग ताणा लावायचा, त्याला चिंचोक्यांची खळ द्यायची. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही खळ सुतावर कुंच्याने बसवतात, म्हणजे धाग्याचं पिंजारलेपण बसतं आणि माग चालताना धागा तुटत नाही. मग विणकाम. माझा खड्डामाग त्या गोठ्यातच आहे. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाने पावड्या दाबायच्या, हाताने धोटा फेकायचा. पहाटे साडेपाच ते साडेनऊ मी मागावर असते. नंतर ऊन वाढलं की खळ कडक होते आणि धागा रुसतो. दुपारी निवड, पिंजण, हिशेब आणि टिपणं. काही कामं विणत नाही. आपल्याकडे पूर्वी बुरणूस करायचे तशी लोकर थरावर थर पसरून, साबणाच्या गरम पाण्याने भिजवून, गुंडाळून लाटत लाटत घट्ट करते. त्याला ताकद लागते. आपल्या वर्गातली कबड्डीची टीम मिळाली असती तर बरं झालं असतं.

या सगळ्यात एक काम मी स्वतः करत नाही. ते म्हणजे कताई. मला येते; पण तशी येत नाही. तशी म्हणजे कशी, ते पुढे सांगते.

आता तिसरा प्रश्न. यातून घर चालतं का?

सुरुवातीची कितीतरी वर्षं घर चाललं ते दुसऱ्या कामांवर. मी कार्यशाळा घेतल्या, उशांचे अभ्रे केले, एका निर्यातदारासाठी नमुने केले. मोठं काम वर्षातून एखादं व्हायचं, तेही सलग नाही. मला एक मोठी मालिका डोळ्यांपुढे दिसत होती. आपण सगळे साधारण 1970 चे. म्हणजे 1972 च्या दुष्काळात आपण दोन वर्षांचे होतो. आपल्यातल्या किती जणांच्या आया तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या आणि आपण शेजारी घोंगड्याच्या झोळीत झोपलो होतो! ते मला आठवण्याचा प्रश्नच नाही, पण आईकडून इतकं ऐकलंय की ते माझ्या अंगात आहे. त्या खडीच्या ढिगांचे करडे, तालींच्या आडव्या रेघा, कोरड्या ओढ्याचा तांबूस. पाच मोठी कामं, प्रत्येक नऊ फूट उंच. ती कुणी विकत घेईल अशी खात्री नव्हती. अशा कामाला आधी वेळ लागतो, आणि वेळ विकत घ्यायला पैसे लागतात.

म्हणून मी अर्ज करायला बसले. अर्जात अंदाजपत्रक असतं. मी कोष्टक आखलं आणि पहिल्या कामाचा खर्च लिहायला घेतला. एका कामाला 14 किलो सूत लागणार. त्यासाठी 20 किलो कच्ची लोकर, म्हणजे 40 मेंढ्यांची वर्षभराची. तिचे 800 रुपये. धुणं, पिंजणं, वाहतूक सगळं मिळून 4,000. विणायला मदतीला येणारे आमच्या गावचे सणगर काका, दहा दिवस, 6,000. आणि कताई. आमच्याकडची सरावलेली बाई दिवसाला पाव किलो सूत काढते. 14 किलोला 56 दिवस. दिवसाला 350 रुपये धरले तर 19,600.

तो आकडा लिहिला आणि मी पेन खाली ठेवलं. विणकामाचे दिवस दहा आणि कताईचे 56. सगळ्या कामांत मोठा वाटा कताईचा होता आणि तो कोणत्याही कलादालनाच्या पाटीवर कधी लिहिलेला मी पाहिला नव्हता. घोंगडीचं नाव विणकराच्या जातीवरून घेतात, किंमत विकणारा ठरवतो. सूत काढणारी बाई घरातली असते, तिचे दिवस धरायचे नसतात. 'बसल्या बसल्या करते', एवढंच तिच्याबद्दल बोलतात. त्या कोष्टकाने मला माझ्या कामाचा खरा आकार दाखवला.

पहिला अर्ज मी ज्या संस्थेकडे केला, तिच्या मुलाखतीत एका सदस्यांनी ते पान बोटाने दाखवून विचारलं, "कताई हा तर कच्च्या मालाचा खर्च. कलेचा खर्च कुठे आहे?" मी म्हटलं, "सर, हाच आहे. सूत बदललं की काम बदलतं." ते म्हणाले, "मग गिरणीचं सूत वापरा, निम्म्यात होईल." मी म्हटलं, "गिरणीचं सूत एकसारखं असतं. माझ्या कामात जे उजेड-सावलीसारखं दिसतं ते हाताच्या कमीजास्त पिळामुळे. ते काढलं तर उरते ती सतरंजी." अनुदान मिळालं नाही. सगळा कताईचा खर्च एका ओळीत 'साहित्य' म्हणून लिहा, असा सल्ला एका हितचिंतकाने दिला. मी ती ओळ तशीच ठेवली: 'कताईची मजुरी, 280 दिवस, 98,000 रुपये'. पाच कामांची मिळून.

त्याच ओळीसकट केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाच्या ज्येष्ठ अधिछात्रवृत्तीसाठी अर्ज केला आणि ती मिळाली. दोन वर्षं, दरमहा 20,000 रुपये, सहा-सहा महिन्यांच्या हप्त्यांत. एकूण 4,80,000. आकडा मुद्दाम सांगते, कारण 'सरकारी पैशावर मजा' असं कुणाच्या मनात असेल तर हिशेब त्यालाही कळावा. पाच कामांचा खर्च दीड लाखाच्या पुढे गेला. उरलेल्यात दोन वर्षं माझं घर चाललं, महिना साधारण साडेतेरा हजारांत. उशांचे अभ्रे बंद. पहाटेची वेळ माझी आणि डोकंही माझं. एवढ्यासाठीच असा पैसा असतो.

कला आणि आधार यांचा हा संबंध काही माझ्यापुरता नाही. मघाशी सांगितलेल्या मृणालिनी मुखर्जी 1978 साली ब्रिटिश कौन्सिलच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाऊन शिल्पकलेचं काम करून आल्या. शीला हिक्स या अमेरिकी कलावतीचं नाव आज जगभर आहे. त्या 1957 साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर चिलीला गेल्या आणि तिथल्या अँडीज पर्वतातल्या विणकरांकडे पाहून त्यांची वाट ठरली. पुढे त्यांनी केरळात कोझिकोडच्या हातमागावरही काम केलं. प्रतिभा त्यांचीच; पण त्या वयात, त्या वर्षी, कुणीतरी त्यांच्या भाड्याची आणि जेवणाची काळजी मिटवली होती.

तर कताईला तीन बायका बसल्या. सगळ्यात मोठ्या आजींचं वय तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात. 1972 ला त्या स्वतः खडी फोडायला होत्या. मी त्यांना कामाची कल्पना सांगितली तेव्हा म्हणाल्या, "त्या दिसांचं काय टांगतीस भितीला? आमी इसरायला बगतुया." मी गप्प बसले. मग दोन दिवसांनी त्यांनीच निरोप धाडला की करडी लोकर आण, खडीचा रंग मला ठाऊक आहे. त्यांनी निवडलेला करडा मी निवडलेल्यापेक्षा अर्धा भाग तांबूस होता. बरोबर तोच होता.

पहिल्या आठवड्याची मजुरी हातात दिली तेव्हा मधल्या काकूंनी नोटा दोनदा मोजल्या आणि विचारलं, "सुताचंच ना ह्ये? का आनी काय काम हाय?" आयुष्यभर त्यांनी घरासाठी, भावकीसाठी, सणगरासाठी सूत काढलं होतं, बदल्यात धान्य मिळालं, घोंगडं मिळालं. रोजाने पैसे पहिल्यांदाच. तीन महिन्यांनी त्यांची धाकटी सून येऊन शेजारी बसली. तिला कताईचं वेड लागलं अशातला भाग नाही. शेतमजुरीला जायचं तर उन्हात सहा तास. हे सावलीत, लेकरू जवळ. तिचं सूत पहिले दोन महिने तुटत होतं. मोठ्या आजी तिला म्हणायच्या, "वडू नगं गं, सोड त्येला." आपल्या बाईंचेच शब्द.

कामं पूर्ण झाल्यावर पुण्यात प्रदर्शन भरलं. प्रत्येक कामाशेजारच्या पाटीवर पाच नावं होती: सूत काढणाऱ्या चौघींपैकी त्या कामात ज्या असतील त्या, सणगर काका आणि शेवटी मी. गाडी करून सगळ्यांना नेलं. 'कृपया हात लावू नये' असं तिथे लिहिलेलं होतं. मोठ्या आजींना वाचता येत नाही आणि येत असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. त्या सरळ पुढे गेल्या, कापड चिमटीत धरलं, अंगठ्याने चोळलं आणि म्हणाल्या, "ह्ये माजं सूत." वीतभर खाली हात नेला. "ह्ये तिचं. ती घाई करती." आणखी खाली. "ह्ये सुनंचं. आता बरं यायला लागलंय." मी वहीतल्या नोंदी काढून पाहिल्या. तिन्ही जागा बरोबर होत्या. सूत पाहून ते कुणाच्या हातचं हे त्यांना कळतं, जसं आपल्या सरांना वहीवर नाव नसलं तरी अक्षर पाहून मुलगा कळायचा. मला कताई तशी येत नाही म्हटलं ते हे. मग त्यांनी कामाच्या खालच्या कडेकडे पाहून मला सुनावलं, "खालतं सैल पडलंय बग." तिथल्या एका समीक्षकांनी त्याच कडेबद्दल लेखात लिहिलं की कलावतीने तिथे जाणीवपूर्वक अवकाश सोडला आहे. मी दोघांचंही ऐकून घेतलं. सैल मात्र पडलं होतं.

मोठ्या आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटपर्यंत कातत होत्या. त्यांच्या हातच्या सुताच्या सहा लडी माझ्याकडे आहेत, त्या कशात घालायच्या हे अजून ठरत नाही.

अधिछात्रवृत्ती दोन वर्षांनी संपली, ती संपणारच होती. पुढचा प्रश्न होता की त्या बायकांचं काय. पाचातली दोन कामं विकली गेली होती. तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली आहे: कामाची किंमत ठरवताना पुढच्या कामाच्या कताईची मजुरी आधी बाजूला काढते, मग माझं. काही वर्षं ओढाताण होते. सध्या सूत काढणाऱ्या चौघी आहेत, दोघी चाळिशीच्या आतल्या. एवढ्याने दख्खनी लोकर वाचली असं मी म्हणणार नाही. एका गावात चार चाती फिरत आहेत, एवढंच आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं किंवा भाच्या कलेकडे वळलेल्या आहेत आणि घरात त्यावरून वाद चालू आहेत, हे मला चहाच्या वेळी कळलं. त्यांच्यासाठी थोडी उपयोगाची माहिती. संस्कृती मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, दोन वर्षं दरमहा 5,000 रुपये. 25 ते 40 वयासाठी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती, दरमहा 10,000. चाळिशीनंतर ज्येष्ठ. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था 1995 पासून कलाकारांना आणि अभ्यासकांना अनुदानं देते आणि अर्ज भारतीय भाषांतही घेते, म्हणजे आपल्या मराठीत लिहिता येतो. अर्ज करताना मोठे शब्द लिहू नका. काय करणार, कुणाबरोबर, किती दिवसांत, कशाला किती लागेल, हे आईला सांगावं तसं लिहा. प्रत्येक पावती जपा. पैसा हप्त्याने येतो, म्हणून मधले दोन-तीन महिने निघतील अशी सोय आधी करा. आणि नाही म्हटलं तर दुसरीकडे तोच अर्ज करा, पण ज्या ओळीसाठी काम करायचं आहे ती ओळ खोडू नका.

आता शेवटचं, आणि ते आपल्याबद्दल आहे.

मी एलिमेंटरीची परीक्षा दिली तेव्हा फी घरून मिळाली. इंटरमीजिएटच्या वर्षी मिळाली नाही. त्या वर्षी आमच्याकडे काहीच पिकलं नव्हतं. मी नाव दिलं नाही. यादी लागली तेव्हा त्यात माझं नाव होतं. मी सरांना विचारलं तर म्हणाले, "रंगाची पेटी घासून धुऊन आण, परीक्षेला घाण रंग चालत नाहीत." फीचा विषय त्यांनी काढला नाही, मलाही काढू दिला नाही. सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत आणि मी हे सांगतेय म्हणून त्यांना अवघडल्यासारखं झालंय, हे मला दिसतंय. तरी मी विचारणार आहे. ज्यांची परीक्षेची फी सरांनी भरली होती, त्यांनी हात वर करा.

(येथे सभागृहात अकरा हात वर झाले.)

अकरा. माझा धरून बारा. आपल्याला एकमेकांचं ठाऊक नव्हतं. आमच्यातला एक आज आर्किटेक्ट आहे, एक गावोगाव पाट्या रंगवतो, एकीचं शिवणाचं दुकान आहे, बाकीचे शेती आणि नोकरी करतात. सगळे कलाकार झाले नाहीत आणि व्हायलाही नको होते. सरांनी त्यातला कोण पुढे जाईल याचा विचार करून फी भरली नव्हती.

आज दुपारच्या सभेत आपण जमलेल्या निधीचं काय करायचं ते ठरवणार आहोत. प्रवेशद्वाराला कमान बांधावी आणि तिच्यावर तुकडीचं नाव कोरावं, अशी सूचना आली आहे. कमान चांगली दिसेल, माझा विरोध नाही. माझी विनंती एवढीच की निधीचे दोन भाग करावेत. दुसऱ्या भागाच्या व्याजातून दरवर्षी शाळेतल्या एका मुलाला किंवा मुलीला, चित्र, सुतारकाम, शिवण, मातीकाम, तबला, जे काही ती मनापासून करत असेल, त्यासाठी वर्षभराचं साहित्य, परीक्षेची फी आणि एसटीचं भाडं द्यावं. त्यासाठी स्पर्धा नको, निबंध नको, व्यासपीठावर बोलावून पाकीट देणं तर नकोच. शिक्षकांनी नाव सुचवावं आणि मुलाला यादीत आपलं नाव दिसावं, बस्स. नाव कुणाचं द्यायचं हा वाद झाला तर मी सरांचं नाव सुचवेन, पण सर ते मान्य करणार नाहीत, म्हणून बिननावाचंच राहू द्यावं.

माझ्या मागच्या कामाच्या विक्रीतून कताईची मजुरी बाजूला काढल्यावर जे उरलं, त्यातले 25,000 रुपये मी खजिनदारांकडे सकाळीच दिले आहेत, या दुसऱ्या भागासाठी. सभेने नाही म्हटलं तर ते कमानीला वापरा. परत मागणार नाही.

बाहेर व्हरांड्यात एका टेबलावर चार रंगांची लोकर, सुताच्या काही लडी आणि एक चाती ठेवली आहे. काळी म्हणून जी दिसेल ती जरा उन्हात धरून पाहा. आणि तिथे कुठेही हात लावू नका असं लिहिलेलं नाही. जेवायच्या आधी कुणाला कातून पाहायचं असेल तर मी तिथेच आहे. ओढू नका, सोडा.